खोटं बोलणारी मूठ

माझ्या दवाखान्यात लोक खोटं बोलायचे ते तोंडाने नाही, हाताने.

गोंदियाजवळ फुलचूरला रस्त्याला लागून असलेल्या दोन खोल्यांत मी बरीच वर्षं फिजिओथेरपीचा दवाखाना चालवला. पाटीवर सगळं स्वच्छ लिहिलेलं असूनही कोणी मला ‘मालिशवाल्या मॅडम’ म्हणायचं, कोणी ‘हड्डीवाल्या बाई’. मी कधी दुरुस्त केलं नाही. दुरुस्त करत बसले असते तर कंबर धरून उभा असलेला पेशंट तेवढ्यात निघून गेला असता. आता दवाखान्याच्या किल्ल्या दुसऱ्या एका तरुण मुलीच्या हाती दिल्यात आणि मी घरी बसलेय. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणणाऱ्या संपादकबाईंनी ‘काहीतरी प्रेरणादायी’ अशी अट घातली आहे. माझ्याकडे प्रेरणादायी असं काही नाही. माझ्याकडे एक खुर्ची होती, हाताने दाबायचं एक यंत्र होतं, आणि एकदा झनकलालजी आले होते.

आधी धंदा समजावून सांगते. वय वाढतं तसे अंगातले स्नायू झिजतात. केस पांढरे होतात तसंच हे, सगळ्यांचंच होतं. पण काहींची झीज फार पुढे जाते. मग खुर्चीतून उठणं जड होतं, डब्याचं झाकण उघडत नाही, रस्ता ओलांडताना ऑटोवाले ओरडतात आणि एक दिवस माणूस न्हाणीत पडतो. घरचे म्हणतात, वय झालं. डॉक्टर म्हणतात, सार्कोपेनिया. हा शब्द मी पेशंटसमोर उच्चारणं सोडून दिलं, कारण आमगावच्या एका आजोबांनी तो ‘सरकारी पेन्शन’ असा ऐकला आणि ती कोणत्या टेबलावर मिळते हे विचारत ते माझ्या मागेच लागले.

ओळखायची रीत अगदी साधी. एक यंत्र हातात द्यायचं आणि म्हणायचं, दाबा जोरात. काटा सरकतो, मुठीतली ताकद कळते. मग बिनहाताच्या खुर्चीवर बसवायचं, दोन्ही हात छातीशी बांधायला लावायचे आणि म्हणायचं, आता उठा-बसा करा. त्याला किती वेळ लागतो ते पाहायचं. मग थोडं चालवून बघायचं आणि पोटरीला टेप लावायची. एवढ्यावर बरंचसं कळतं. बिनहाताची खुर्ची मला बाजारात मिळाली नव्हती. घरच्याच खुर्चीचे हात मी सुताराकडून कापून घेतले. तो कापताना दोनदा म्हणाला, “सोच लो मैडम, अच्छी कुर्सी है.”

आता खोटेपणाचं सांगते. यंत्र हातात आलं की गोंदियाच्या माणसाला स्पर्धा सुरू झाल्यासारखं वाटतं. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्डसाहेब माझी पाठ वळताच दुसऱ्या हाताची मदत घेत. बाजारातले एक सेठजी काटा कमी सरकला म्हणून रागावले आणि म्हणाले, “मैडम, आपके पास इससे बढ़िया वाली मशीन नहीं है क्या?” सगळे ताकद जास्त दाखवायला बघत. एवढ्या वर्षांत ताकद कमी दाखवायला धडपडणारा माणूस मी एकच पाहिला.

सालेकशाकडच्या एका गावातून ते तिघं सकाळच्या गाडीने आले. झनकलालजी सत्तरीच्या पलीकडचे, धोतरातून बाहेर आलेले पाय वाळक्या काठ्यांसारखे. त्यांच्या पत्नी देवकाबाई त्यांच्याहून चारपाच वर्षांनी लहान, अंगाने भरलेल्या, कपाळावर मोठं कुंकू. आणि सून ममता, खांद्यावर पिशवी, हातात पाण्याची बाटली, चेहऱ्यावर गाडीतल्या गर्दीचा शीण. घरची धानाची शेती. मुलगा सालेकशात खतं-बियाण्यांचं दुकान चालवायचा, म्हणून दवाखान्याची वारी ममताकडे.

बोलायचं काम देवकाबाईंकडे होतं.

“बघा म्याडम, आमचे बुढे कसे सुकून गेले. रोज उठाच्या वेळेस म्हणते, हात दे. बाजीवरून उठाचं तं हात दे, ओसरीतून उठाचं तं हात दे. मी धरतो तई उठते. माझ्या हाताबगर या माणसाचं पानसुद्धा हालत नाई. गावात शिबिर झालं, तिथं सांगितलं, म्हातारपणी मांस झडते म्हून. मी म्हटलं, आमच्या घरी तं झडून गेलं!”

एवढं बोलून त्या भिंतीलगतच्या बाकावर बसल्या. बसल्या म्हणजे, बाकाच्या जवळ येऊन धप्पकन पडल्या. मला ते खटकलं, पण त्या वेळी माझं लक्ष म्हाताऱ्याकडे होतं.

मी यंत्र त्यांच्या हाती दिलं. त्यांनी असं दाबलं की जणू आत अंडं आहे. काटा जरासा हलला. दुसऱ्यांदा दाबायला लावलं तर काटा बराच पुढे गेला, आणि तो पुढे गेलेला बघून तेच दचकले. तिसऱ्यांदा परत अंडं.

इथे आमच्या धंद्यातली एक खूण सांगून ठेवते. खरोखर कमजोर हात तिन्ही वेळा जवळपास सारखंच दाबतो, बिचाऱ्याकडे दुसरं काही नसतंच. नाटक करणारा हात मात्र दर वेळी वेगळा आकडा दाखवतो, कारण मागच्या वेळी किती खोटं बोललो हे मुठीला आठवत नाही. आणि या मुठीच्या तळव्याला घट्टे होते. कुदळीचे ताजे घट्टे.

“बाबाजी, शेतात जाता का अजून?” मी विचारलं.

“जातो कधीमधी,” ते म्हणाले.

“रोज जाते,” ममता म्हणाली. “शेताच्या धुऱ्यावर, बांधावर माती टाकते. सायकलनं जाते.”

झनकलालजींनी सुनेकडे असं पाहिलं, जणू फितुरी म्हणतात ती हीच.

मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि हात बांधून उठायला सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, “अरे देवा” म्हटलं, अर्धे उठले, परत बसले. पुन्हा “अरे देवा”. देवकाबाई बाकावरून मला म्हणाल्या, “पाहिलं ना?” त्यांच्या आवाजात काळजी होती आणि आपलं म्हणणं खरं निघाल्याचं समाधानही होतं. मी मात्र गोंधळले होते. या वयात माणूस आजारपणाचं सोंग का करतो? सुनेकडून लाड हवेत? शेतातून सुटका हवी? पण शेतात तर हे स्वतःहून जातात.

तेवढ्यात आमच्या गल्लीतला कुत्रा दारात आला. त्याला नव्या चपलेचा वास फार प्रिय. देवकाबाईंनी त्याच सकाळी गोंदियाच्या बाजारातून चप्पल घेतली होती. त्याने ती उचलली आणि निघाला.

“बाबा, कुत्रा! आईची चप्पल!” ममता ओरडली.

झनकलालजी खुर्चीतून उठले. उठले कसले, सुटले. हात छातीशी बांधलेलेच होते, ते त्यांनी दाराबाहेर गेल्यावर सोडले. धोतराचा सोगा धरून ते रस्त्याने कुत्र्यामागे पळत होते आणि ममता बाटलीसकट त्यांच्यामागे. इतकी शुद्ध, नियमाप्रमाणे केलेली उठण्याची चाचणी मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिली नाही.

मी हसत वळले, आणि हसू थांबलं.

देवकाबाईही उठायला निघाल्या होत्या. त्यांनी डावा हात बाजूला केला, तिथे कोणाचा तरी हात असणार असं धरून. तिथे कोणी नव्हतं. त्या अर्ध्या उठल्या आणि परत बाकावर आदळल्या. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा आदळल्या. मग माझ्याकडे न बघता पदर नीट करत म्हणाल्या, “मले का घाई नाई. आणतीन ते चप्पल.”

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. यंत्र पुढे केलं. “मावशी, सहज दाबून बघा.”

त्यांनी दाबलं. खरंखुरं, दात आवळून. काटा पहिल्या घरातच थांबला. मी तीनदा दाबायला लावलं. तिन्ही वेळा तेच.

“मशीन बिघडली हाये तुमची,” त्या म्हणाल्या.

“असेल,” मी म्हणाले. “घरी कशा उठता मावशी?”

दाराकडे बघत त्यांनी हळूहळू सांगितलं. दाराजवळ त्यांची बाज असते, बाजूला लाकडी खांब. कोणी बघत नसलं की खांब धरून उठतात. कोणी असलं की उठतच नाहीत, बसल्या जागेवरून हुकूम सोडतात. ममता, पाणी आण. ममता, गाईले चारा टाक. लग्नाकार्याला जाणं बंद केलं. शेजारी बोलावतात, तर सांगतात, मले वेळ नाई. सूनबाईला वाटतं, सासू राणी झाली.

“वाटू द्या,” त्या म्हणाल्या. “कामचोर म्हटलं तं चालते मले. कमजोर म्हटलं तं नाई चालत.”

मग एकदम काहीतरी लक्षात येऊन त्यांनी माझा दंड धरला. “पण म्याडम, हे बुढे आता कसे पटकन उठले हो? असं उठता येते तं मंग मले काऊन म्हणते रोज, हात दे, हात दे?”

उत्तर त्यांच्या चेहऱ्यावर माझ्यासमोरच उमटत होतं.

झनकलालजी आले. धाप लागलेली नव्हती. चप्पल काखेत, तिचा एक पट्टा चावलेला. ममता बाहेर नळावर ती चप्पल धुवायला घेऊन गेली. ते आत आले, बायकोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पकडल्या गेलेल्या पोरासारखे उभे राहिले.

“कई पासून चालू हाये हे?” देवकाबाईंनी विचारलं.

“मागच्या धानाच्या रोवण्यापासून,” ते म्हणाले. “तू ओसरीत पडली होतीस तईपासून.”

“मी पडली नोती. बसली होती.”

“हो. बसली होतीस.”

“मंग सांगाचं होतं ना! मी तुमाले सुकलेला माणूस समजून गोंदियाले घेऊन आली. तिकीट काढलं, आटो केला!”

“तुले हात मागता येत नाई,” झनकलालजी म्हणाले. “म्हून मी मागतो. तू मले धरतेस आन् तूबी उठतेस. त्याच्यात का बिघडलं?”

देवकाबाई गप्प झाल्या. ममताने नंतर मला सांगितलं, की लग्न होऊन ती या घरात आल्यापासून सासू कोणापुढे गप्प झाल्याचं तिने पाहिलं नव्हतं. आणि हे एकदा घडलं तेव्हा नेमकी ती नळावर होती.

मी देवकाबाईंना आधी झनकलालजींसोबत एका डॉक्टरांकडे पाठवलं. साखर, थायरॉईड, हाडं, सगळं बघून घेतलं, कारण कमजोरीची कारणं अनेक असतात. तिथून खास काही निघालं नाही. मग राहिली ती झीज. अंगावरचं मांस दिसतं म्हणून कोणाला शंका येत नाही, पण चरबी वेगळी आणि स्नायू वेगळा. काटकुळा म्हातारा टणक असतो आणि भरलेली म्हातारी आतून पोकळ होत जाते, हे घरच्यांना पटवताना माझा घसा बसायचा. खाणं विचारलं तर दोन वेळा भात आणि वरणाचं पाणी. खालची घट्ट डाळ मुलाला आणि नातवांना. शिवाय सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. मी म्हटलं, देवाला मी समजावते, पण घट्ट डाळ तुम्ही खायची. अंडं चालतं का? “मले चालते, बाजूवालीले नाई चालत,” त्या म्हणाल्या. म्हटलं, बाजूवालीला विचारायचंच नाही.

व्यायाम सांगितला. बाजेवर जाड गोधडीची घडी ठेवून उंची वाढवायची, त्यावरून उठायचं-बसायचं. जमू लागलं की घडी पातळ करायची. रबरी पट्टा दिला ओढायला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्या कामासाठी हुकूम सोडता, ते काम स्वतः उठून करायचं.

“करतो,” त्या म्हणाल्या. “पण ममताले नाई सांगाचं. मी कमजोर हाये हे सुनेले कळलं, तं घरात माझं कोण ऐकल?”

पेशंटने नको म्हटलं की आमचं तोंड बंद. मी हो म्हटलं, पट्टा झनकलालजींच्या नावावर लिहिला, आणि तिथून खरा गोंधळ सुरू झाला.

काही आठवड्यांनी ममता एकटीच आली. आली ती तावातावाने. बसलीही नाही.

“मॅडम, तुम्ही आईले का सांगितलं ते सांगा मले. पाणी मागत नाई. चहा मागत नाई. मी द्याले गेली का म्हणते, राहू दे, मीच घेतो. गाईले चारा स्वतः टाकते. मले शिवी तरी द्या म्हणावं! एवढा राग कायचा हाये माझ्यावर?”

“राग नाही गं ममता,” मी म्हणाले.

“मंग का हाये? आमच्या बाजूच्या कौसाबाई पूर्ण गावात सांगून राहिल्या, का ममतानं सासूले कामाले लावलं. दुकानात यांच्या कानावर गेलं. यांनी मले जेवताना बोललं. आजवर आई हुकूम सोडत होती तं मी दिवसभर धावत होती, तवा कोणी नाई म्हटलं का ममता चांगली हाये. आता ती स्वतः उठते, तं मी वाईट!”

आणि ती रडायला लागली. माझी पंचाईत अशी, की एका वाक्यात तिचे डोळे पुसता आले असते आणि ते वाक्य बोलायची मला परवानगी नव्हती. मी तिला चहा दिला. ती गेल्यावर झनकलालजींच्या मोबाइलवर फोन लावला आणि देवकाबाईंना बोलावून घेतलं.

त्या पुढच्याच आठवड्यात नवऱ्याबरोबर आल्या. आल्या आणि बाकावर बसल्या. या वेळी पडल्या नाहीत, बसल्या. मी सांगितलं, मावशी, तुमचं गुपित तुमचंच आहे, मी कोणाला बोलणार नाही. पण त्याचा भुर्दंड ममता भरतेय. गावात तिचं नाव खराब होतंय.

“कोण बोलून राहिलं?”

“कौसाबाई.”

देवकाबाईंचा चेहरा बदलला. “कौसा?” त्या म्हणाल्या. “ती कोण होते माझ्या सुनेले बोलणारी?”

आणि त्या उठल्या. झनकलालजींनी सवयीने हात पुढे केलेला होता. त्या त्यांच्या हाताकडे न बघता, जरा डोलत पण आपल्या पायांवर, उभ्या राहिल्या आणि दाराकडे चालू लागल्या. पुढे केलेल्या हाताचं काय करावं हे झनकलालजींना कळेना. शेवटी त्यांनी त्याने डोकं खाजवलं.

पुढचं मला ममताने सांगितलं, आणि सांगताना तिने दोघींचे आवाज काढून दाखवले. दोनतीन दिवसांनी कौसाबाई नेहमीसारख्या ओसरीत येऊन बसल्या. देवकाबाई गाईला चारा टाकून येत होत्या. कौसाबाई म्हणाल्या, “काऊन वो देवका, या वयात सुनेनं तुले गड्यावाणी राबवलं?”

देवकाबाईंनी ममताला हाक मारून बाहेर बोलावलं. मग म्हणाल्या, “कौसा, मले सुनेनं नाई राबवलं. माझ्या पायातली ताकत गेली होती. मले बसल्या जागेवरून उठता येत नोतं. दोन वर्सं मी राणीसारखी बसून हिले पळवली, का तर मले उठता येत नाई हे कोणाले दिसू नाई. डॉक्टरीणबाईनं सांगितलं, आपलं काम आपण कर, तं ताकत येते. म्हून करतो. आता तू सांग. तुले येते का उठता? हात बांध आन् उठ.”

कौसाबाई हसल्या. “याच्यात का हाये?” म्हणाल्या. त्यांनी हात बांधले आणि बाजेवरून उठायला गेल्या. ममता म्हणाली, “मॅडम, तिसऱ्यांदा पडली, तई मीच जाऊन धरलं.”

त्यानंतर एका बाजारच्या दिवशी माझ्या दारात एक ऑटो उभा राहिला आणि त्यातून पाच म्हाताऱ्या उतरल्या. पुढे देवकाबाई. मागे कौसाबाई, मान खाली. उरलेल्या तिघींना मी ओळखत नव्हते. देवकाबाईंनी त्यांना बाकावर ओळीने बसवलं आणि मला म्हणाल्या, “ह्या चौघी नापास हाये. मी घरीच पाहून घेतलं. तुम्ही फक्त मशीन दाबून पक्कं करा.”

मी तपासलं. त्यातली एक मात्र पास निघाली. गुडघा दुखत होता म्हणून उठत नव्हती, स्नायू बरे होते. ते सांगितल्यावर देवकाबाईंना ते फारसं आवडलं नाही. आपलं निदान चुकलेल्या मोठ्या डॉक्टरांचा चेहरा होतो, तसा त्यांचा झाला होता.

या धंद्यात एक खंत राहिलीच. म्हाताऱ्या बाईला पेशंट म्हणून कोणी आणत नाही. ती नवऱ्यासोबत येते, नातवासोबत येते, पिशवी सांभाळत बाकावर बसते आणि पिशवी सांभाळतच निघून जाते. गल्लीतल्या कुत्र्याने सगळ्यांच्याच चपला थोड्याच पळवल्या! देवकाबाईंच्या ऑटोतून आलेल्या त्या चौघी माझ्या दवाखान्यात स्वतःच्या नावाने आल्या, याचं मला फार अप्रूप वाटलं होतं. त्या दिवशी मी दुपारची जेवले नाही, आणि भूकही लागली नाही.

देवकाबाई काही पहिलवान झाल्या नाहीत. जमिनीवरून उठताना त्यांना अजून आधार लागतो आणि एकादशी त्यांनी काही सोडली नाही. पण खुर्चीतून, बाजेवरून, एसटीच्या बाकावरून त्या आपल्या आपण उठतात. गेल्या वर्षी आमच्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडच्या डोंगरावर जत्रेला जाऊन आल्या. वर पूर्ण चढल्या नाहीत. अर्ध्यात थांबल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्या म्हाताऱ्यांची चाल बघत बसल्या, असं ममता म्हणाली.

दवाखान्याच्या किल्ल्या द्यायच्या थोडं आधी ममता नवा रबरी पट्टा न्यायला आली होती. सासूने जुना ओढून ओढून तोडला होता. पट्टा पिशवीत टाकून ती जायला निघाली, दारापर्यंत गेली आणि परत वळली.

“मॅडम, एक विचारू? आई आता दिवसभर उठून सैपाकघरात येते. फोडणीत वाकून पाहते. मीठ कमी हाये म्हणते, भात गिजगोळा झाला म्हणते, डबे इकडचे तिकडं करते. आधी बाजेवरून ओरडत होती, तं मी ऐकलं नाई म्हणून चालून जात होतं. आता मागंच उभी राहते.” तिने आवाज खाली आणला. “थोडी कमी करता येते का हो ताकत?”

“नाही गं,” मी म्हणाले. “ते नाही येत मला.”

ममताने क्षणभर विचार केला. मग पिशवी खाली ठेवली आणि साडीचा पदर कमरेला खोचला.

“मंग मलेबी सांगून ठेवा दोन-चार व्यायाम,” ती म्हणाली. “बरोबरीनं भांडता तं आलं पाहिजे.”